सदरा कुणाच्या मापाचा? सुखाच्या गोष्टीतले तात्पर्य शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळांत तीस वर्षे शिकवले. निवृत्त झाल्यापासून रविवारी दुपारी वडगावात आमच्या घराच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, पंधरा-वीस मुले गोष्टी ऐकायला जमतात. मुलांना गोष्ट हवी असते, पालकांना तात्पर्य. "गोष्ट वाचा, योग्य शीर्षक द्या, तात्पर्य लिहा" असा गृहपाठ आला की संध्याकाळी फोन वाजू लागतो, आणि गोष्ट सुखाची किंवा आनंदाची असली की जरा जास्तच वाजतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरे एकदाची लिहून ठेवते आहे.

तात्पर्य, बोध, शिकवण, उपदेश हे सगळे एकच ना?

परीक्षेपुरते एकच. पण मुलाला फरक कळला तर पुढचे काम हलके होते. 'तात्पर्य' हा शब्द 'तत्पर'वरून आला. तत् म्हणजे ते, पर म्हणजे त्याकडे लागलेले. गोष्टीचे तोंड ज्या दिशेला आहे ती दिशा म्हणजे तात्पर्य. 'बोध' हा बुध् धातूचा, म्हणजे जागे होणे, उमजणे. तो कागदावर नसतो, ऐकणाऱ्याला होतो. एखाद्याला होतो, शेजारच्याला होत नाही. उपदेश मात्र तिसराच कुणीतरी करतो, बहुतेक वेळा न विचारता. आपल्याकडची कन्नड शाळेतली मुले 'नीति' म्हणतात, त्यातला 'नी' म्हणजे नेणे.

एवढी व्युत्पत्ती मी मुलांना सांगत नाही. "गोष्ट कुणीकडे बघतेय ते सांग" एवढेच म्हणते. चौथीतल्या पोरालाही ते कळते.

मुलगी प्रत्येक गोष्टीखाली "आपण नेहमी आनंदी राहावे" असे लिहिते. शाळेत तांबडी रेघ मारतात. काय चुकले?

माप चुकले. शिंप्याकडे जाऊन "कुणालाही बसेल असा सदरा शिवून द्या" म्हटले तर तो काय शिवेल? पोते. "नेहमी आनंदी राहावे", "चांगले वागावे", "लोभ करू नये" ही असली पोती आहेत. कुठल्याही गोष्टीवर घाला, बसतात. म्हणूनच ती त्या गोष्टीची नसतात.

तपासायची रीत सोपी आहे. मुलीने लिहिलेली ओळ दुसऱ्या गोष्टीखाली ठेवून बघा, ससा-कासवाखाली, लाकूडतोड्याखाली. तिथेही खपली तर खोडा. उलट टोकाची चूकही होते. यात्रेला गेलेल्या मारुतीची गोष्ट पुढे येतेच; तिच्याखाली "मारुतीने यात्रेत पैसे खर्च करायला हवे होते" असे लिहिले तर ते तात्पर्य नव्हे, ती मारुतीची उलटतपासणी झाली. नाव गळाले पाहिजे, पण गोष्टीचा वास राहिला पाहिजे.

आणखी एक समज आहे की 'करावे', 'राहावे', 'नये' यांवाचून तात्पर्य होत नाही. "दुसऱ्याच्या ताटात बघत बसले की आपल्या ताटातले निवते." हे वाक्य कुणाला काही करायला सांगत नाही, तरी तात्पर्य म्हणून झकास आहे. आमच्या सोप्यातल्या एका सहावीतल्या मुलाचे आहे. त्याला शाळेत अर्धा गुण मिळाला. मी पुरता दिला असता.

मग तात्पर्य गोष्टीत सापडते कुठे? शेवटच्या ओळीत?

शेवटच्या ओळीत क्वचित. बहुधा 'पण'पाशी.

आमच्या सोप्यात मी नेहमी सांगते ती एक गोष्ट घ्या. गावात महालक्ष्मीची यात्रा भरली. (आपल्याकडे ही यात्रा दरसाल नसते, कित्येक वर्षांनी येते, आणि तिची वाट बघण्यात पोरे मोठी होतात.) आईने मारुतीला वीस रुपये दिले आणि धाकट्या सुमीला दहा. सुमीने पहिल्याच दुकानात पिपाणी घेतली. मारुती हुशार. पाळण्यापाशी गेला आणि म्हणाला, पुढे याच्याहून भारी काहीतरी असेल. बर्फाचा गोळा बघितला, पण तो विरघळणार, म्हणजे पैसे पाण्यात. भिंगरी बघितली, ती उद्या मोडणार. भजी-चिरमुरे तर घरीही होतात. असे करता करता दिवे लागले, पाळणा थांबला, दुकानदारांनी ताडपत्र्या ओढल्या. मारुतीच्या खिशात वीस रुपये तसेच होते, पण पाय जड झाले होते. घरी जाताना वाटेत सुमी पिपाणी वाजवत होती. "दे की गं जरा," मारुती म्हणाला. तिने दिली. त्याने फुंकली, ती बेडकासारखी ओरडली, आणि दोघे रस्त्याच्या कडेला पोट धरून हसत बसली.

आता तात्पर्य. एकजण म्हणाला, "पैसे वाचवावेत." त्याचे वडील पतसंस्थेत आहेत. एकजण म्हणाली, "वेळेवर खर्च करावा." तिसरा म्हणाला, "मोठ्यांनी लहानांचे ऐकावे." हे त्याने कुठून काढले ते देव जाणे.

मी त्यांना 'पण' शोधायला लावले. खिशात वीस रुपये तसेच, पण पाय जड. म्हणजे पैसे असणे आणि मन हलके असणे यांची इथे फारकत झाली. "पैसे वाचवावेत" इथेच गळून पडते, कारण वाचलेले पैसे मारुतीच्या काही कामी आले नाहीत. मग विचारले, मारुतीचा चेहरा कधी बदलला? पिपाणी फुंकल्यावर. पिपाणी भारीतली होती का? छे, बेडकासारखी ओरडत होती. मग आम्ही गोष्टीतून एकेक वस्तू काढून बघू लागलो. बर्फाचा गोळा काढला, गोष्टीला काही झाले नाही. भिंगरी काढली, चालते. पाळणासुद्धा काढला, तरी गोष्ट उभी. सुमीला काढले आणि गोष्ट कोसळली. काढल्यावर गोष्ट पडते अशी जी वस्तू किंवा माणूस असतो, त्याच्या आसपासच तात्पर्य घोटाळत असते.

शेवटी मुलांनी दोन ओळी काढल्या. "सगळ्यात चांगले शोधत बसले की चांगलेही हातचे जाते." आणि "एकट्याच्या वीस रुपयांपेक्षा दोघांची पिपाणी मोठी." दोन्ही मापाच्या आहेत. मला दुसरी जास्त पटते. गोष्ट दिवे लागल्यावरच संपली असती तरी पहिली ओळ चालली असती; हसू कुठे फुटले ते दुसरीला ठाऊक आहे.

'सुखी माणसाचा सदरा' या गोष्टीखाली काय लिहायचे? जिकडे तिकडे "पैशाने सुख मिळत नाही" असे दिलेले असते.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. राजाकडे सगळे आहे, पण झोप नाही आणि अन्न गोड लागत नाही. वैद्य म्हणतो, सुखी माणसाचा सदरा अंगात घाला, बरे वाटेल. शिपाई राज्यभर फिरतात. सावकाराला चोराची धास्ती, प्रधानाला पदाची, शेतकऱ्याला पावसाची. अखेर माळावर झाडाखाली एक माणूस गाणे म्हणत पडलेला सापडतो. "सुखी आहेस?" "आहे की." "मग तुझा सदरा दे." बघतात तर त्याच्या अंगात सदराच नाही.

"पैशाने सुख मिळत नाही" हे चूक नाही, अर्धे आहे. तेवढेच सांगायचे असते तर राजा एकटा पुरला असता. शिपायांना राज्यभर पायपीट कशाला करायला लावली? आणि वैद्याने सदराच का मागितला? सुखी माणसाच्या घरचे पाणी मागायचे, त्याच्या दारातली माती मागायची. सदरा मागितला, कारण सदरा एकाच्या अंगावरून उतरवून दुसऱ्याच्या अंगावर चढवता येतो. राजाने मनाशी धरले होते की सुखाचेही तसेच असणार: कुणाकडे तरी तयार असेल, हुकूम सोडला की आणता येईल. गोष्ट त्या धरून चालण्याला हसते. म्हणून मी मुलांना "सुख उसने आणता येत नाही" इथपर्यंत येऊ देते. शब्द थोडेच आहेत, पण त्यात सदरा आहे, हुकूम आहे आणि शिपायांचे फुकट गेलेले पायही आहेत.

एक गंमत लक्षात आली का? राजाचे पुढे काय झाले ते आपल्याकडे कुणी सांगत नाही. तो बरा झाला की तसाच तळमळत राहिला? मुलांना हे विचारा. त्या उत्तरातून त्यांचे तात्पर्य आपोआप बाहेर पडते.

माझी खरी अडचण मात्र एका मुलीने केली. आमच्या वडगावात, शहापुरात, खासबागेत विणकरांची वस्ती आहे. गल्लीतून जाताना मागाचा खडखडाट ऐकू येतो आणि तो थांबला की लोक चौकशी करतात. हिचा बाप माग चालवतो, आई कांड्या भरते. गोष्ट संपल्यावर सगळी हसली, ही हसली नाही. म्हणाली, "पण बाई, सदऱ्याचं कापड विणलेला सुखी होता काय ओ?"

तीस वर्षांत ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! कापड कुणी विणले हे माझ्या मनात एकदाही आले नव्हते. तिला म्हटले, तूच लिहून आण.

म्हणजे गरिबीतच सुख असते असे मुलाला सांगायचे का?

नाही. या बाबतीत मी हट्टी आहे.

गोष्टीतला माणूस उघडा असून सुखी आहे, उघडा म्हणून सुखी आहे असे गोष्ट कुठेही म्हणत नाही. 'असून' आणि 'म्हणून' या दोन शब्दांत सगळे आले, आणि शाळेत नेमकी याच दोन शब्दांची अदलाबदल होते. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडच्या पावसात उघड्या अंगाने कुणालाही गाणे सुचत नाही. गोष्टीचा रोख राजावर आहे, गरिबाला शाबासकी देऊन जागच्या जागी बसवण्यावर नाही.

हे मला पहिल्यापासून कळत होते असे नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ही गोष्ट सांगताना मी बोलून गेले, "बघा, गरीब माणूस किती सुखी असतो!" समोरच्या पाटावर एक मुलगा बसला होता. त्याच्या सदऱ्याला दोनच बटणे होती. त्याने सदऱ्याची कड मुठीत घट्ट धरली आणि खाली बघितले. ते वाक्य मी पुन्हा उच्चारले नाही.

ही गोष्ट आपली की बाहेरची?

पुष्कळांची. लोककथांची वर्गवारी करणारी एक सूची आहे. अँटी आर्ने यांनी ती १९१० साली केली, स्टिथ थॉम्प्सन यांनी वाढवली, आणि २००४ मध्ये हान्स-यॉर्ग उथर यांनी नव्याने मांडली. त्या सूचीत ही गोष्ट ८४४ क्रमांकाला आहे. टॉल्स्टॉयने रशियन मुलांसाठी ती आपल्या पद्धतीने सांगितली आहे. मराठीत मात्र 'सुखी माणसाचा सदरा' हा वाक्प्रचारच होऊन बसला. गोष्ट न ऐकलेली माणसेही तो वापरतात.

गोष्टीखाली तात्पर्याची ओळ लिहायची पद्धत आली कुठून?

इसापाच्या गोष्टींत ती ठळक दिसते, पण तिथेही ही ओळ बहुतेक ठिकाणी मागाहून संग्रह करणाऱ्यांनी जोडलेली आहे. गोष्ट आधीची, शेपूट नंतरचे. मराठीत सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांचे इसापाच्या कथांचे भाषांतर १८२८ सालचे. तेव्हापासून आपल्या शाळा आणि तात्पर्य यांची सोयरीक.

पंचतंत्रात क्रम उलटा असतो. आधी एखादे पात्र श्लोकात सार सांगून टाकते, मग ऐकणारा विचारतो, "कथमेतत्?" म्हणजे, हे कसे काय? आणि मग गोष्ट सुरू होते. हा क्रम घरी वापरून बघा. तुम्ही ओळ सांगा, "चांगले शोधत बसले की हातचे जाते." मुलाने विचारायचे "ते कसे?" आणि गोष्टही त्यानेच सांगायची. तात्पर्य पाठ करणारी मुले इथे अडखळतात. ज्यांना ते उमजले आहे ती सुटतात ती आवरत नाहीत.

सुख, आनंद, समाधान, संतोष यांतला कुठला शब्द लिहायचा? मुलगा कन्नड माध्यमात आहे, त्याचा तर गोंधळच होतो.

गोंधळ होणारच, कारण शब्द सारखे आणि अर्थ थोडे सरकलेले. आपल्या बाजारात कुणी "भाळ संतोष आत्रि" म्हणतो तेव्हा त्याला खूप आनंद झालेला असतो. मराठीतला संतोष तेवढा उड्या मारत नाही, तो तृप्तीकडे झुकतो, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी मुलाचे नाव असतो. रडणाऱ्याला कन्नडमध्ये "समाधान माडकोरि" म्हणतात, म्हणजे शांत व्हा, मनाला आवरा. मराठी समाधान म्हणजे मन भरणे, अजून काही नको वाटणे. हिंदीच्या पुस्तकात तर समाधान म्हणजे समस्येची सोडवणूक. एक मूल सकाळी तीन भाषांत तीन समाधाने शिकते आणि संध्याकाळी आपण विचारतो, तुला साधा शब्द कसा येत नाही!

मी असा फरक करते. सुख सोयीशी जोडलेले असते, कोरडे अंथरूण, पोटभर जेवण. आनंद उसळतो आणि ओसरतो. पिपाणीवर फुटलेले हसू म्हणजे आनंद. समाधान बसून राहते. यात्रेच्या गोष्टीखाली 'आनंद' हवा, 'समाधान' लिहिले तर गोष्ट म्हातारी होते. सदऱ्याच्या गोष्टीत राजाला हवे असते सुख आणि झाडाखालच्या माणसाकडे असते समाधान. राजाने शब्दच चुकीचा मागितला असेही एक तात्पर्य निघेल, पण ते आठवीच्या पुढे.

जाता जाता: संस्कृत कोशांत 'सुख' शब्दाची एक व्युत्पत्ती दिलेली असते, सु म्हणजे चांगले आणि ख म्हणजे भोक, चाकाच्या तुंब्यातले आसाचे भोक. भोक नीट असले की गाडी धक्के न खाता चालते. बैलगाडीत बसलेल्या मुलाला हे एका क्षणात पटते. स्कूल बसवाल्यांना जरा समजवावे लागते.

दोन्ही भाषा येणाऱ्या मुलाला तोटा नाही, उलट फायदाच आहे. कर्नाटकात पहिली ते तिसरीसाठी जी 'नली-कली' पद्धत आहे तिच्या नावातच आनंद आहे. नली म्हणजे आनंदाने बागड, कली म्हणजे शीक. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात तिची सुरुवात झाली. आणि "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही आपली म्हण कन्नडमध्ये "हासिगे इद्दष्टु कालु चाचु" अशी जशीच्या तशी आहे. मुलाला आधी कन्नडमध्ये नीति सांगू द्या, मग "हेच आजीला कसे सांगशील?" असे विचारा. आजीला सांगताना तो पुस्तकी शब्द टाकून देतो आणि ओळ सुधारते.

एका गोष्टीची दोन तात्पर्ये असू शकतात का? शाळेत एकच बरोबर धरतात.

असतात. आपण सीमाभागातल्यांनी तरी हे विचारू नये! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. दरवर्षी त्याच तारखेला शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि मराठी माणसे काळा दिन पाळून मूक सायकल फेरी काढतात. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, दिवस एकच, मग एकांना सुख आणि एकांना दुःख कसं?" मी म्हटले, गोष्ट कुठून ऐकायला सुरुवात केली त्यावर असते. त्याचे पुरते समाधान झाले नाही. माझेही झालेले नाही.

गोष्टींपुरते बोलायचे तर कसोटी एकच, गोष्टीतल्या घटनांना धरून आहे ना? चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पावसात कावळ्याचे घर वाहून गेले, तो चिमणीच्या दारात आला आणि चिमणी आतून सांगत राहिली, थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, बाळाला तीट लावते. "आपले घर आधी पक्के करावे" हे कावळ्याकडून बघितलेले तात्पर्य. "दारात भिजणाऱ्याला थांब म्हणू नये" हे चिमणीकडे बोट दाखवणारे. मला लहानपणी चिमणी फार शहाणी वाटायची. आता तितकीशी वाटत नाही.

परीक्षेत किती ओळी लिहायच्या?

एक. फार तर दोन. गोष्ट पुन्हा सांगू नये, पात्राचे नाव घालू नये, 'तात्पर्य' शब्दापुढे विसर्ग न देता अपूर्णविराम द्यावा. म्हण चपखल बसत असेल तरच लिहावी.

म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीचे तात्पर्य काय?

काही नाही. "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" एवढेच.

एका आईने मला फोनवर "म्हातारीने युक्तीने संकटावर मात केली" असे सुचवले होते. असेलही. पण म्हातारी लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होते आणि भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांना चकवत घरी येते, यातला आनंद 'टुणुक टुणुक' या आवाजात आहे. तीन वर्षांचे पोर त्या ओळीची वाट बघत असते, आली की उड्या मारते, आणि "परत सांग" म्हणते. सुखाविषयीच्या गोष्टी वेगळ्या आणि सुख देणाऱ्या गोष्टी वेगळ्या. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीला शेपूट लावले की ती पळत नाही. गृहपाठात आलीच तर युक्तीचे लिहून मोकळे व्हा, घरी सांगताना मात्र नको.

मुलाला सापडत नसेल तर आपण सांगून टाकावे का?

घाई नको. मोठ्यांची सवय अशी की गोष्ट संपली, मुलाने श्वास घेतला, की लगेच "मग यावरून आपण काय शिकलो?" हा प्रश्न ऐकला की मुले शाळेतला चेहरा चढवतात आणि आपल्याला आवडेल ते बोलतात. त्याऐवजी "तुला कुणाचा राग आला?" असे विचारा. सुखाच्या गोष्टीतही कुणाचा ना कुणाचा राग येतोच, आणि राग जिथे येतो तिथे मूल जागे असते. "तू असतास तर कुठे थांबला असतास?" हाही चांगला प्रश्न. यात्रेच्या गोष्टीत एकाने सांगितले, "मी पाळण्यातच बसलो असतो, पण सुमीला घेऊन." त्याला वेगळे तात्पर्य विचारायची गरजच उरली नाही.

रात्र मध्ये जाऊ द्या. खानापूरकडची एक मुलगी आजोळी आली की आमच्याकडे येते. तिने मागच्या सुट्टीत ऐकलेल्या गोष्टीचे उत्तर या सुट्टीत आणून दिले.

गोष्टीचा शेवट दुःखाचा असेल आणि तात्पर्य सुखाविषयी विचारले असेल तर?

सुख गोष्टीत कुठे होते आणि कुठल्या वळणावर सांडले ते शोधायचे. स्पर्शाने सगळ्याचे सोने करणाऱ्या राजाची गोष्ट आठवा. भाकरी सोन्याची झाली तेव्हा तो हबकला, पण लेक सोन्याची झाली तेव्हा रडला. ओळ लेकीपाशी लिहायची.

त्या विणकराच्या मुलीने शेवटी काय लिहिले?

हा प्रश्न तिची हकिगत ऐकलेले सगळेच विचारतात. पुढच्या रविवारी तिने वहीचे एक पान आणले. तात्पर्याची जागा कोरी होती आणि गोष्ट मात्र पुढे वाढवलेली होती. शिपाई रिकाम्या हाताने परत आले. राजाने विचार केला, सुखी माणसाकडे सदरा नाही, तर ज्याच्याकडे सदऱ्याचे कापड आहे त्याला तरी विचारू. त्याने विणकराला दरबारात बोलावले आणि म्हणाला, "तू सुखी आहेस काय?"

विणकर म्हणाला, "मागच्या कापडाचे पैसे आधी द्या की महाराज, मग सांगतो."